विरोध नोंदवून घ्या

एकमत नावाची वस्तू आमच्या वसाहतीत आजवर कुणाच्या दृष्टीस पडलेली नाही. पाण्याच्या टाकीचं झाकण वाऱ्यानं उडालं, तेव्हा नवं आणायचं की जुनंच तारेनं बांधायचं यावर आमच्या गृहनिर्माण समितीच्या बैठकांमागून बैठका झाल्या. तोवर टाकीत कावळा पडून मेला. मग तो कावळा कुणी काढायचा यावर आणखी एक बैठक. मी या समितीची चिटणीस आहे. माझ्या डोक्याचं काय होत असेल ते तुम्हीच बघा.

आणि झाकणाचं प्रकरण निदान खरं तरी होतं. एरवी आमची समिती नावालाच घरांची. प्रत्यक्षात ती आमची युनियन आहे. युनियन करणं हा आपल्याकडे गुन्हा झाला, त्याला आता बरीच वर्षं झाली. राष्ट्रपालकांनी टीव्हीवर येऊन हसतमुखानं विचारलं होतं, की देश म्हणजे कुटुंब आणि कुटुंबात कुणी युनियन करतं का? त्यानंतर त्या कुटुंबातल्या माणसांना परवानगीशिवाय एकत्र बसायचीसुद्धा बंदी झाली, आणि निवडणुका पुढं गेल्या त्या गेल्याच. आमचे जुने अध्यक्ष भूपालअण्णा तेव्हा तुरुंगात जाऊन आले. गुडघे तिथंच विसरून आलो असं ते म्हणतात. बैठकीची मोकळीक फक्त गृहनिर्माण समित्यांना उरली. ती का, हे मलाही फार उशिरा कळलं.

हिरण्यपूरच्या माळावर जुन्या बॅटऱ्या फोडायचा आमचा कारखाना आहे. गाड्यांच्या, फोनच्या, कसल्याही बॅटऱ्या इथं येतात, भरडल्या जातात आणि त्यातून काळी भुकटी निघते. तिच्यात महागाचे धातू असतात, म्हणून ती कंपनीला हवी असते. माणसाच्या छातीत गेली की मात्र ती बाहेर निघत नाही. चार नंबरच्या शेडमध्ये ही धूळ ओढून घ्यायला छताला मोठे पंखे बसवलेत. ते वीज खातात, म्हणून तपासणी असेल त्याच दिवशी फिरतात. एरवी दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात धूळ हवेत लोंबकळत राहते आणि शटर उघडणाऱ्याच्या तोंडावर येते. जो पहिला आत जातो तो नळीनं पाणी मारून ती खाली बसवतो, मग बाकीचे शिरतात. याला आमच्यात पहिला पाय म्हणतात. पहिला पाय कुणाचा, यावर शेडच्या दारात रोज भांडण ठरलेलं.

म्हणून मी समितीत ठराव मांडला. पंखे लागल्याशिवाय शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही. सरळ, सोपा, एका ओळीचा ठराव.

"सूचक कोण?" भूपालअण्णांनी विचारलं.

"मीच की अण्णा. आत्ताच बोलले न्हाई का?"

"चिटणीसाला सूचक होता येत न्हाई. घटनेत बसत न्हाई."

"घटना जप्त झालीया, अण्णा. कचेरीसकट."

"म्हणून काय मोडायची व्हय?"

मग सूचक शोधण्यात चहा निवला. सूचक मिळाला तर अनुमोदक रुसून बसला, कारण मागच्या वेळी आभार मानताना त्याचं नाव राहिलं होतं. हे सगळं मार्गी लागलं तेव्हा संग्राम उठला. संग्राम म्हणजे माझा नवरा. समोर मी त्याला अहो-जाहो करते. इथं लिहिताना करणार नाही, तेवढा सूड मला पुरे आहे. समितीतला विरोधी गट म्हणजे तो आणि त्या दिवशी त्याच्या शेजारी जो बसेल तो. त्यानं घसा खाकरला आणि नेहमीचं वाक्य बोलला.

"मुद्दा बरोबर हाय, पण वेळ चुकीची हाय. माझा विरोध नोंदवून घ्या."

टाकीच्या झाकणालाही त्यानं हेच म्हटलं होतं. कावळ्यालाही. ठराव पडला. घरी जाताना मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही, आणि हा बाबा सबंध रस्ता खोकत होता. ज्या धुळीसाठी मी डोकं फोडत होते तीच त्याच्या छातीत होती.

आता पट्टीबद्दल सांगायला हवं. प्रत्येक कामगाराच्या मनगटावर सलोखा पट्टी असते. झोपतानाही काढायची नाही. काढली तर पगार कापतात. लोकांना वाटतं ती आपलं बोलणं ऐकते. तिला ऐकायची गरजच नाही. माणसं मनापासून एकाच गोष्टीत गुंतली, एकाच गाण्यात रमली किंवा एकाच बातमीनं हळहळली, की त्यांच्या छातीचे ठोके बरोबरीनं जलद होतात आणि बरोबरीनं मंदावतात. श्वासही जुळत जातात. शास्त्रज्ञांना हे पूर्वीपासून ठाऊक होतं. एकत्र गाणाऱ्यांत, नाटक बघणाऱ्यांत त्यांनी ते मोजलंही होतं. पट्टी ठोके, श्वास आणि कातडीवरचा घाम मोजते आणि संगणकाला कळवते. संगणक प्रत्येक माणसाची दुसऱ्या प्रत्येकाशी तुलना करतो. जिना चढताना किंवा यंत्रावर काम करताना जे ठोके आपोआप जुळतात ते वजा करतो. उरतो त्याला मेळ म्हणतात. तुम्ही काय विचार करता हे त्याला कळत नाही. कुणाच्या बरोबरीनं करता ते कळतं, आणि सरकारला तेवढं पुरतं.

मेळ वाढला की पट्टी मनगटाला गुदगुल्या करते आणि तिच्यावर अक्षरं उमटतात: थोडं पाणी प्या, थोडं बाजूला बसा. तरीही मेळ टिकला तर नावं वर जातात आणि बदल्या होतात. शेजारच्या पत्र्याच्या कारखान्यात लोकांनी चोरून जमून एकदिलानं संप ठरवला, घोषणासुद्धा दिल्या म्हणे. दुसऱ्या दिवशी तिथं सगळे नवे चेहरे कामाला होते आणि जुने देशभर पांगले होते.

या यंत्राला युनियन आणि संसार यांतला फरक कळत नाही. ज्या नवरा-बायकोंचं पटत होतं त्यांची ताटातूट झाली. आमच्या शेडमधली नसीमा आणि तिचा इरफान एका डब्यात जेवायचे, एका गोष्टीला हसायचे. इरफान आता देशाच्या पार दुसऱ्या टोकाला मिठागरात आहे. जास्त मेळवाल्या जोडीला एकमेकांकडे जायचा परवाना मिळत नाही. हिरण्यपुरात एकत्र उरलेली जोडपी सगळी आमच्यासारखी. मी आणि संग्राम लग्नाच्या मांडवात कशावरून तरी भांडलो होतो, ते भांडण अजून पुरं झालेलं नाही.

कारखान्याच्या सलोखा अधिकारी ऋजुता मॅडम यांनी एक दिवस मला बोलावलं. वयानं लहान, बोलायला अति गोड. माणूस ओरडला तर उलट ओरडता तरी येतं. या बाईपुढं तेही जमत नाही.

"पद्मजाताई, अभिनंदन! तुमच्या समितीला आदर्श वसाहतीचा सन्मान मिळतोय."

"कशाबद्दल?" मी विचारलं. टाकीला अजून झाकण नव्हतं.

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "ही बघा, बसमधली अनोळखी माणसं. यांचासुद्धा थोडा मेळ असतोच, खड्डा आला की सगळे एकदम दचकतात. आणि ही तुमची समिती."

आमची रेषा पडद्याच्या तळाशी आडवी पडली होती.

"म्हणून तर कायद्यात गृहनिर्माण समित्यांना सूट आहे, ताई. संशोधन झालं होतं. माणसांचा सगळ्यात कमी मेळ कुठं असतो, तर सोसायटीच्या सभेत!" मॅडम खळखळून हसल्या.

मीही हसले. बाहेर आले आणि जिन्यातच बसकण मारली. ज्या कटकटीनं माझे केस पिकले ती आमची ढाल होती. पत्र्याच्या कारखान्यातले शहाणे एकमतानं देशोधडीला लागले, आणि आम्ही कावळ्यावर भांडणारे जागच्या जागी होतो. मला राग आला आणि हसूही आलं, कशाचं काय करावं ते कळेना.

हे समितीत सांगायची सोय नव्हती. 'भांडत राहा, त्यात आपलं भलं आहे' हे सगळ्यांना पटलं असतं तर त्याच क्षणी मेळ वाढला असता. आणि पटलं नसतं तर त्यावर बैठक लागली असती.

त्याच आठवड्यात पहिला पाय नसीमाचा होता. शटर उघडून ती आत गेली आणि पाण्याची नळी हातातून सुटून ती खाली कोसळली. आम्ही तिला ओढून बाहेर आणलं तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. कंपनीच्या डॉक्टरनं नाकाला वाफ दिली, दमा आधीचाच असणार असं सांगितलं आणि उद्या कामावर ये म्हणाला. इरफानला कळवायची परवानगी मागितली, तर मॅडमनी मान तिरकी करून सांगितलं की अशा बातमीनं दोघांचा मेळ वाढेल, तेव्हा नकोच.

संध्याकाळी समिती जमली. कुणी चहा मागितला नाही. अण्णांनी सूचक विचारला नाही. भिंतीला टेकून बसलेली नसीमा कष्टानं श्वास घेत होती आणि आम्ही सगळे तिच्या श्वासाकडे कान लावून होतो. मी म्हटलं, "पंखे लागल्याशिवाय पाऊल टाकायचं न्हाई." सगळ्यांचे हात वर जाऊ लागले. माझ्या मनगटाला गुदगुल्या सुटल्या. अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा माझा ठराव पास होणार होता आणि मला पट्टीचं भानच राहिलं नाही.

तेवढ्यात संग्राम उठला. "मुद्दा बरोबर हाय, पण वेळ चुकीची हाय. माझा विरोध..."

"लाज वाटती का न्हाई?" मी किंचाळले. "पोरगी मरता मरता वाचलीया!"

झालं. अर्धे त्याच्यावर तुटून पडले, उरलेले माझ्यावर, की बैठकीत असं ओरडायचं नसतं. ठराव पुन्हा पडला.

घरी आल्यावर मी आमटीला फोडणी दिली ती त्याच्याच डोक्यावर दिल्यासारखी. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभा राहिला.

"उद्या पहिला पाय तुमचा हाय," मी त्याच्याकडे न बघता म्हटलं.

"म्हाईत हाय."

"खोकून रुमाल काळा व्हतोय तुमचा. मी धुती, मला कळत न्हाई व्हय? उद्या तिथं पडलासा तर मी काय करायचं?"

"सगळ्यांच्या पट्ट्या थरथरत हुत्या, पद्मा," तो म्हणाला. "म्हणून उठलो. आणि जरा वेळ गेला असता तर सगळी नावं वर गेली असती."

मी गॅस बंद केला आणि मॅडमच्या पडद्यावरची रेषा त्याला सांगितली. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे मी विरोध करतो म्हणून तुमी सगळी वाचलाय की!"

"फुगू नका. आणि झाकणाच्या वेळी का विरोध केला हुता?"

"झाकणाला माझा खराच विरोध हुता."

मला हसू फुटलं. तोही हसला आणि हसताना खोकला. मग पाटावर बसत म्हणाला, "ठराव नकोच. उद्या मी पहिला पाय टाकत न्हाई. माझी पाळी न्हाई म्हणतो. पुढचं आपली माणसं बघून घेतील."

"दुसरं कोण तरी जाईल की."

"आपल्या शेडात? दुसऱ्याची पाळी अंगावर घिऊन? कवा बघितलंस?"

खरंच, कधी बघितलं नव्हतं. आम्ही पुन्हा हसलो, आणि दोघांच्याही मनगटाला एकदम गुदगुल्या झाल्या. लहान पोरं पकडली जावीत तसे आम्ही घाबरून बाजूला सरकलो. मी घाईनं आमटी वाढली. भांडण काढावं म्हणून मीठ कमी पडलंय का असं विचारलं, तर म्हणाला, "दुसरं काय बी काढ. तुझ्या आमटीला नाव ठेवायचं मला जमणार न्हाई." त्याचं हे एक मात्र आहे. जगातल्या प्रत्येक गोष्टीला विरोध, पण माझ्या आमटीला कधी नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या पाळीचा भोंगा झाला आणि आम्ही चार नंबरच्या शटरपुढं उभे राहिलो. संग्रामनं हाताची घडी घातली.

"आज माझी पाळी न्हाई."

"मग कुणाची?" मागून कुणीतरी डाफरलं.

"नसीमानं पाणी कुठं मारलं? पुरा झाला न्हाई तिचा पाय. तिचाच धरायचा."

"मी मेले असते काल!" नसीमा उसळली. "मी परत जाणार न्हाई. मी आमच्या अब्बाचं बी ऐकणार न्हाई, तुमचं काय ऐकती?"

"नियम असा हाय," भूपालअण्णा काठी टेकत पुढं आले, "की पाय अर्धवट राहिला तर पाळी मागं फिरती. म्हंजे नसीमाच्या आधीचा."

आधीचा म्हणाला की त्यानं गेल्या महिन्यात दोनदा पाय टाकलाय. त्यावर तिसऱ्यानं सांगितलं की दोनदा नव्हे, एकदाच, आणि तेव्हाही पाणी याच्या मेहुण्यानं मारलं होतं. मेहुणा तिथंच होता. त्यानंतर कोण कुणाला काय म्हणालं ते मला सांगता येणार नाही. मी आणि संग्राम सोडले तर तिथं कुणी नाटक करत नव्हतं. सगळ्यांना मनापासून, खराखुरा राग आला होता आणि शटर बंद होतं.

बॅटऱ्यांनी भरलेले ट्रक आवारात उन्हात उभे होते. बॅटऱ्या तापल्या की पेट घेतात, म्हणून त्या थांबवून ठेवता येत नाहीत. शेड मॅनेजर धावत आला.

"काय चाललंय? हा संप आहे का?"

"कसला संप? पाळी ह्याची हाय आणि ह्यो जात न्हाई!" चार जण चार दिशांना बोटं दाखवत ओरडले.

मॅनेजरनं फोन काढला आणि ऋजुता मॅडमना विचारलं. फोनचा आवाज मोठा होता, आम्हालाही ऐकू आलं. "नाही सर, काहीच मेळ नाही. सगळे एकमेकांवर चिडलेत. अगदी नेहमीसारखं आहे."

"अहो, मग यांना आत घालू कसं?"

"पंखे लावा की साहेब," नसीमा म्हणाली. "मग कुणीबी जाईल."

"पंखे लावा, म्हंजे पहिल्या पायाची भानगडच मिटली," अण्णा म्हणाले. कुणी म्हणालं आत उकडतंय म्हणून लावा. कुणी म्हणालं याचं तोंड बंद करायला लावा. मॅनेजरनं एकदा ट्रककडं बघितलं आणि शिवी हासडून खटक्यांच्या खोलीत गेला.

आधी छतात घरघर झाली. मग पाती फिरू लागली, एकामागून एक सगळी. मॅनेजरनं शटर वर केलं. आतला काळा धुरळा हलला, वर चढला आणि पंख्यांत ओढला गेला. शेडची पलीकडची भिंत दिसू लागली. ती पिवळी आहे हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

सगळे भांडायचे थांबले. माना वर करून बघत राहिले. नसीमानं छातीवर हात ठेवला आणि लांब श्वास घेतला, आणि तिच्याबरोबर आम्ही सगळ्यांनी घेतला. मला इतका आनंद झाला की रडू येईल असं वाटलं. त्याच क्षणी मनगटाला गुदगुल्या सुरू झाल्या. आजूबाजूला सगळ्यांच्या पट्ट्या उजळल्या. मॅनेजरच्या हातातला फोन वाजला.

"हिला पुढारपण पायजे!" संग्राम माझ्याकडं बोट करून गरजला. "घरात कोण विचारत न्हाई म्हणून हितं नाचतीया! साधी आमटी करता येत न्हाई हिला! गटारीचं पाणी बरं!"

क्षणभर माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. सगळ्यांसमोर, आणि आमटीवरून! मग मी त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि मला कळलं.

"मग जावा हाटेलात गिळायला!" मी ओरडले. "तुमच्या आईनं तरी कवा धड घातलं हुतं?"

नसीमा त्याच्यावर धावून गेली. "अक्काच्या आमटीला नाव ठेवताय? लाज सोडली व्हय?" बायका एका बाजूला झाल्या, पुरुष एका बाजूला, आणि मग पुरुषांतही दोन बाजू पडल्या, कारण माझी आमटी बऱ्याच जणांनी खाल्ली होती. पट्ट्या एकेक करून विझल्या. पंखे फिरत होते. भांडत भांडत सगळे आत गेले आणि पहिला पाय कुणाचा पडला ते कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

पंखे त्यानंतर बंद झाले नाहीत. रोजच्या तमाशापेक्षा वीज स्वस्त पडते असा हिशेब कंपनीनं केला असावा. आम्ही जिंकलो होतो आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

आठवड्यानं मॅडमनी बोलावलं. या वेळी त्या हसत नव्हत्या.

"ताई, त्या दिवशीची नोंद मी पुन्हा बघितली. ही बघा. भांडण झालं आणि सगळ्यांच्या रेषा विस्कटल्या. पण या दोन बघा."

पडद्यावर दोन रेषा एकमेकींना चिकटून वर चढत होत्या, एकमेकींना चिकटून खाली येत होत्या. कुठली कुणाची ते सांगता येत नव्हतं.

"ही तुमची आणि ही संग्रामदादांची. तुम्ही त्यांच्या आईवर बोलत होता तेव्हाची आहे. इतका मेळ मी नव्या लग्नाच्या जोडप्यातसुद्धा पाहिलेला नाही." त्यांनी पडदा परत आपल्याकडे वळवला. "दादांची बदली निघालीय. मिठागरात."

इतकी वर्षं आम्ही भांडलो आणि कुणी आम्हाला वेगळं करू शकलं नाही. एकदाच खोटं भांडलो आणि पकडले गेलो. मला त्या पडद्यावर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं.

"मला खरंच वाईट वाटतंय, ताई."

"वाईट वाटतंय तर नका की पाठवू."

"ते माझ्या हातात नाही. पण एक आहे." त्यांनी आवाज खाली आणला. "सूट असल्यानं तुमची समिती आम्हाला मोडता येत नाही. ती विसर्जित केली असं तुम्हीच लिहून दिलंत, तर जोडीला सवलत मिळू शकते. तुम्ही दोघं इथंच राहाल." त्यांचं मनगट मोकळं होतं. अधिकाऱ्यांना पट्टी नसते.

घरी येऊन मी संग्रामला सांगितलं आणि हेही सांगितलं की मी लिहून देणार आहे. समिती गेली खड्ड्यात. झाकण आणि कावळा आणि सूचक आणि अनुमोदक सगळंच गेलं खड्ड्यात. माझा नवरा माझ्या घरात असला पाहिजे.

"समिती गेली की पंखे किती दिवस टिकतील?" त्यानं विचारलं.

"मला न्हाई म्हाईत."

"म्हाईत हाय तुला. आणि नसीमाचा पाय परत कवा येतोय तेबी म्हाईत हाय." तो शांतपणे म्हणाला, "या वेळी मुद्दाबी चुकीचा हाय आणि वेळबी चुकीची हाय, पद्मा. माझा विरोध नोंदवून घे."

मी रडले, त्याला नाही नाही ते बोलले. तो उलट बोलला नाही. इरफान तिथंच आहे, नसीमाचा निरोप पोचवता येईल म्हणाला. समुद्राचा वारा छातीला बरा म्हणाला. संध्याकाळभर आमच्या पट्ट्या थरथरत होत्या. थोडं पाणी प्या, थोडं बाजूला बसा. बदली तर झालीच होती, आता आणखी काय करणार होत्या? आम्ही बाजूला बसलो नाही.

तो गेल्यावर समितीची पहिली बैठक भरली. विषय होता दोन नंबरच्या शेडमधल्या पंख्यांचा. सूचक नसीमा होती. एका दमात ठराव बोलली, मधे खोकली नाही. अनुमोदक लगेच मिळाला. मग सगळ्यांची नजर खिडकीजवळच्या संग्रामच्या रिकाम्या खुर्चीकडे गेली.

"कुणाचा विरोध?" भूपालअण्णांनी विचारलं.

एकही हात वर झाला नाही. मग अण्णांनी संमती विचारली आणि सगळे हात एकदम वर गेले. जे एकमत मी जन्मभर मागत होते ते समोर उभं होतं, आणि सगळ्यांच्या मनगटांवरच्या पट्ट्या थरथरत होत्या. नसीमानं डोळे पुसले. तिचं बघून दुसरीनं पुसले. थोडं बाजूला बसा, थोडं बाजूला बसा. कुणी हलेना.

मी उठले आणि घसा खाकरला.

"मुद्दा बरोबर हाय," मी म्हटलं, "पण वेळ चुकीची हाय. माझा विरोध नोंदवून घ्या."

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी काठी आपटली. "चिटणीसाला विरोध करता येत न्हाई. घटनेत बसत न्हाई."

"का बसत न्हाई?" नसीमा कडाडली. "सूचक मी हाय! माझ्या ठरावाला विरोध हाय, मला बघू द्या की!"

"तू गप बस, तुला घटना म्हाईत न्हाई."

"घटना कुणी बघितलीया?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि सुरू झालं. खुर्च्या सरकल्या, जुनी उणीदुणी निघाली, झाकणाचा विषय निघाला, कुणीतरी चहा कुठाय म्हणून ओरडलं.

पट्ट्या गप्प झाल्या. मी घोटभर पाणी प्यायले आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर जाऊन बसले.